बिगारी ११

आमच्या साइटवरच्या हजेरीच्या वहीत एक ओळ रोज असते. 'मिस्त्री ४, बिगारी ११.' कधी बिगारी बारा, कधी नऊ. आकडा बदलतो, ओळ तीच राहते. पुण्यात एका बारा मजली इमारतीचं काम चालू आहे आणि मी तिथं सुपरवायझर आहे. सकाळी आठला गेटवर उभं राहून डोकी मोजायची, आकडा वहीत टाकायचा आणि वहीचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर पाठवायचा, ही माझी दिवसाची पहिली ड्यूटी.

गेल्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत एक बिगारी माझ्याकडं आले. वय पन्नाशीच्या पुढं. त्यांच्या बोलण्यावरूनच मी पहिल्या आठवड्यात ओळखलं होतं की माणूस बीडचा आहे. ते धारूर तालुक्यातले, मी वडवणी तालुक्यातला. म्हणजे बालाघाटाच्या एकाच डोंगररांगेतले. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला सायेब म्हणायचे. कितीदा सांगितलं तरी ते सुटलं नाही.

त्यांच्या हातात एक फॉर्म होता. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची होती. त्यासाठी वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी झाली तर पोरांच्या शिक्षणाला, दवाखान्याला मदत मिळू शकते.

"तुमची तेवढी सही पायजे, सायेब. पाच महिने झाले की मला हितं."

पाच महिने झाले होते हे खरं. मी रोज त्यांना बघत होतो. वही उघडली. पाच महिन्यांची पानं होती, पण मामांचं नाव एकाही पानावर नव्हतं. 'बिगारी ११' मध्ये ते कुठंतरी होते, पण कितवे, ते कोण सांगणार?

ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, "तो आपला माणूस नाही. पेटी कॉन्ट्रॅक्टरचा आहे. त्याच्याकडून आण म्हणावं." पेटी कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मी काय कंपनी आहे का? मी फक्त माणसं पुरवतो. बिल्डिंग कुणाची, त्याला विचारा." दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांच्याही कागदांवर मामा नव्हतेच.

मामांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली. म्हणाले, "राहू द्या सायेब. आपलं नाव कुठं असतंय?"

हेच वाक्य मी आधी आईच्या तोंडून ऐकलं होतं. त्याकडं पुढं येतोच. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही आणि मी मोबाईलवर वाचत बसलो. सुरुवात एका शब्दापासून केली, आणि पोचलो जर्मनीत.

एका शब्दाचा प्रवास

तो शब्द म्हणजे बिगारी. साइटवर तो दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. मिस्त्रीच्या हाताखाली घमेलं वाहणारा, माल कालवणारा, पाणी मारणारा तो बिगारी. शिवी म्हणून कुणी वापरत नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, तसा बिगारी.

पण तो आला आहे फारसीतल्या 'बेगार' वरून. बेगार म्हणजे मोबदला न देता जबरदस्तीनं करून घेतलेलं काम. आपल्याकडचा जुना शब्द 'वेठ', तो संस्कृत 'विष्टी' वरून आला. दोन्ही जोडून झाली वेठबिगार. एकाच अन्यायाला दोन भाषांमधून नाव आलं, आणि आपण ती दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात वेठ हा रोजच्या जगण्याचाच भाग होता. अधिकारी दौऱ्यावर आला की त्याचं सामान वाहायचं, घोड्याला वैरण द्यायची, सरपण फोडून द्यायचं. पैशाचा प्रश्नच नव्हता. पुढं स्वतंत्र भारताची राज्यघटना आली. तिच्या कलम २३ मध्ये माणसांच्या व्यापाराला आणि सक्तीच्या मजुरीला बंदी घातली आहे. गंमत म्हणजे घटनेच्या मूळ इंग्रजी मजकुरातही तिथं 'बेगार' हाच शब्द आहे. त्या गोष्टीला इंग्रजीत नेमका शब्द सापडला नसावा.

म्हणजे घटनेनं जो शब्द बंद केला, तोच आम्ही रोज सकाळी वहीत लिहितो. शब्दाचा अर्थ बदलला हे मला मान्य आहे. मामांना रोज मिळतो, दर आठवड्याला खर्ची मिळते. ते कधीही काम सोडून जाऊ शकतात. पण मग त्यांचं नाव का नाही? नाव नसण्याचा फायदा कुणाला होतो?

सिव्हिलच्या पुस्तकात नसलेला इंजिनिअर

डिप्लोमाला असताना हायवेच्या तासाला जर्मनीच्या ऑटोबानचं कौतुक ऐकलं होतं. ते काम ज्याच्या हाताखाली झालं तो माणूस सिव्हिल इंजिनिअर होता, फ्रिट्झ टोट. १९३३ पासून ऑटोबानचं काम त्याच्याकडं होतं. १९३८ मध्ये हिटलरनं त्याला पश्चिम सीमेवरची तटबंदी बांधायला दिली. त्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली तिचं नाव 'ऑर्गनायझेशन टोट'. १९४२ च्या फेब्रुवारीत टोट विमान अपघातात मेला आणि ती यंत्रणा अल्बर्ट श्पेअर या आर्किटेक्टकडं गेली. म्हणजे आधी एक इंजिनिअर, मग एक आर्किटेक्ट. आमच्याच लाइनची माणसं.

या यंत्रणेची रचना मला ओळखीची वाटली. वर सरकार. त्याच्या खाली कंत्राट घेणाऱ्या खासगी बांधकाम कंपन्या, त्यांचे इंजिनिअर, त्यांची मशिनरी. आणि सगळ्यात खाली मजूर. युद्ध वाढत गेलं, जर्मन माणसं सैन्यात गेली, तसे मजूर बाहेरून आणले गेले. पोलंड, युक्रेन, रशिया, फ्रान्स इथून पकडून किंवा धाक दाखवून आणलेले लोक, युद्धकैदी, आणि छळछावण्यांमधले कैदी. युद्धाच्या काळात जर्मन राइशमध्ये अशा सुमारे १ कोटी ३० लाख लोकांकडून काम करून घेतलं गेलं.

हॉखटीफ आणि फिलिप होल्झमान या जर्मनीतल्या नामांकित बांधकाम कंपन्या. दोघींनी नाझी काळात सरकारी कंत्राटं घेतली आणि दोघींच्या कामांवर सक्तीचे मजूर होते. बर्लिनमधलं हिटलरचं भूमिगत बंकर हॉखटीफनं बांधलं. हुटा नावाच्या कंपनीनं १९४२ मध्ये ऑशविट्झ-बिर्केनाऊच्या दाहगृहांच्या इमारतीचं बांधकाम घेतलं. त्यासाठी रीतसर दर मागवले गेले, कंपनीनं दर भरले, काम मंजूर झालं. हे वाचताना मी थांबलो. दरपत्रक मीही भरलं आहे. खोदकाम इतके घनमीटर, काँक्रीट इतके घनमीटर. इमारत कशासाठी आहे हे लिहायला दरपत्रकात रकाना नसतो.

कंपन्यांना कैदी फुकट मिळत नव्हते. ते भाड्यानं मिळायचे. ऑशविट्झजवळ मोनोविट्सला आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीनं १९४१ मध्ये कृत्रिम रबराचा अवाढव्य कारखाना बांधायला घेतला. बांधकामाला छावणीतले कैदी लावले. कंपनी त्यांचे पैसे एसएसला द्यायची. अकुशल कैद्याचे दिवसाला ३ मार्क आणि कुशल कैद्याचे ४ मार्क. कैद्याला काहीच नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात मोनोविट्सच्या छावणीत सुमारे ११ हजार कैदी होते. सिमेंटची पोती पळत वाहायची, थंडीत पातळ कपड्यांवर लोखंड उचलायचं. जो काम करण्याच्या स्थितीत राहिला नाही, त्याला बिर्केनाऊला गॅस चेंबरकडं पाठवायचं आणि त्याच्या जागी दुसरा मागवायचा. हजारो माणसं अशी संपली. आणि त्या कारखान्यात युद्ध संपेपर्यंत कृत्रिम रबर तयार झालंच नाही.

"ते आमचे कामगार नव्हते"

त्या साइटवर नॉर्बर्ट वॉलहाइम नावाचा एक कैदी वेल्डिंग करायचा.

वॉलहाइम बर्लिनचा ज्यू. युद्धाआधी ज्यू मुलांना जर्मनीबाहेर सुरक्षित पाठवण्याच्या कामात तो होता. १९४३ च्या मार्चमध्ये त्याला, त्याच्या बायकोला आणि तीन वर्षांच्या मुलाला ऑशविट्झला नेलं. बायको आणि मुलगा मारले गेले. तो तरुण आणि धडधाकट होता म्हणून मोनोविट्सच्या बांधकामावर गेला, आणि वाचला.

युद्धानंतर आय. जी. फार्बेनच्या २३ अधिकाऱ्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला. १९४८ मध्ये १३ जण दोषी ठरले. सगळ्यात मोठी शिक्षा होती आठ वर्षं. सात वर्षं शिक्षा झालेला फ्रिट्झ टेर मेअर लवकर सुटला आणि १९५६ मध्ये बायर कंपनीच्या देखरेख मंडळाचा अध्यक्ष झाला. पण अधिकाऱ्यांना शिक्षा झाली म्हणून मजुराला मजुरी मिळत नाही. वॉलहाइमनं वेगळा रस्ता धरला. १९५१ मध्ये त्यानं कंपनीवरच दिवाणी दावा लावला. मी काम केलं, मला मजुरी मिळाली नाही, माझा छळ झाला, त्याची भरपाई द्या. इतका साधा दावा.

कंपनीचा बचाव वाचला आणि मला आमच्या ऑफिसचा फोन आठवला. कैदी एसएसचे होते, असं कंपनीचं म्हणणं. आणायचे ते, न्यायचे ते, पहारा त्यांचा, छावणी त्यांची. आम्ही ठरलेले पैसे एसएसला दिले. माणसांचं काय झालं त्याला आम्ही जबाबदार कसे?

१० जून १९५३ ला फ्रँकफुर्टच्या न्यायालयानं निकाल दिला आणि हा बचाव नाकारला. निकालाचं सार असं की कामाच्या जागेवर सत्ता कंपनीची होती, त्या कामाचा फायदा कंपनीला होता, तेव्हा तिथं राबणाऱ्या माणसाच्या जिवाची काळजी घेणंही कंपनीचंच कर्तव्य होतं. मजूर कुणी पुरवला यानं ते कर्तव्य टळत नाही. वॉलहाइमला १० हजार मार्क द्यायचा आदेश झाला. कंपनीनं अपील केलं, आणि शेवटी १९५७ मध्ये तडजोड होऊन मोनोविट्सच्या कैद्यांसाठी ३ कोटी मार्क बाजूला काढले गेले. आज फ्रँकफुर्टमध्ये आय. जी. फार्बेनच्या जुन्या मुख्यालयात विद्यापीठ आहे आणि त्याच आवारात वॉलहाइमचं स्मारक आहे.

वॉलहाइमचा निकाल लागला म्हणून बाकीच्या कंपन्या पुढं आल्या असं मात्र झालं नाही. बहुतेकींनी आणखी चाळीस वर्षं तेच वाक्य धरून ठेवलं. आम्हाला ते मजूर सरकारनं दिले, आमचा नाइलाज होता. १९९८ नंतर अमेरिकेत एकामागून एक सामूहिक दावे दाखल झाले. आपला माल अमेरिकेत खपेल का, ही भीती कंपन्यांना वाटायला लागली, तेव्हा चक्रं हलली. २००० मध्ये जर्मन संसदेनं कायदा करून एक प्रतिष्ठान स्थापन केलं. १ हजार कोटी मार्क, निम्मे सरकारचे, निम्मे उद्योगांचे. सहा हजारांहून जास्त कंपन्यांनी त्यात पैसे घातले. २००७ पर्यंत १६ लाखांहून जास्त लोकांना रक्कम मिळाली. छळछावणीतल्या कैद्याला जास्तीत जास्त १५ हजार मार्क, इतर बहुतेक सक्तीच्या मजुरांना ५ हजारांपर्यंत. युद्ध संपून तोवर पंचावन्न-साठ वर्षं झाली होती. ज्यांनी घमेली वाहिली, त्यांतले बहुतेक मेले होते.

आणि जे जिवंत होते, त्यांना विचारलं गेलं, "तुम्ही तिथं होता याचा पुरावा काय?"

पुरावा बऱ्याच जणांना मिळाला तो जर्मनीतल्या बाड आरोल्सेन या छोट्या गावातल्या संग्रहातून. छावण्यांची रजिस्टरं, कैद्यांची कार्डं, कंपन्यांच्या मजुरांच्या याद्या तिथं जपून ठेवल्या आहेत. सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांची माहिती आहे. नाझींनी माणसाचं नाव काढून हातावर नंबर गोंदला, पण कुठंतरी एका कार्डावर नंबरासमोर नाव लिहून ठेवलं. ज्यांनी ते लिहिलं त्यांचा हेतू वाईट होता. पण साठ वर्षांनी त्याच कागदानं पोलंडमधल्या किंवा युक्रेनमधल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला तिचे पैसे मिळवून दिले.

बालाघाटाकडं परत

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे वाचून कुणीतरी लगेच स्क्रीनशॉट काढेल. मोनोविट्स म्हणजे आमची साइट नाही, आणि पुढं मी ज्याबद्दल लिहिणार आहे तो उसाचा फडही नाही. तिथं लोकांना संपवायचंच होतं. काम हे संपवण्याच्या आधीचं पिळून घेणं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही दुःखाला ते नाव देणं म्हणजे तिथं मेलेल्यांचा अपमान होईल. दोन्हीकडं सारखी आहे ती फक्त एक साखळी. वर मालक, मध्ये माणसं पुरवणारा आणि खाली मजूर. आणि सारखं आहे ते वाक्य. "ते आमचे कामगार नाहीत." ही साखळी चालवायला नाझी असावं लागत नाही. इतिहासानं मला शिकवलं ते एवढंच, पण ते मला पुरेसं आहे.

माझे आई-वडील वीस हंगाम उसतोडीला गेले. तुमच्यापैकी बीड, नगर, जालना, परभणी भागातल्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. दसऱ्याच्या आसपास मुकादम येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि त्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. दोन माणसं आणि नाव एका हत्याराचं. दिवाळीनंतर टोळी निघते. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कुणी थेट कर्नाटकात. फडाजवळ कोपी घालायची. पहाटे ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तिथंच. आजारपणामुळं काम बुडालं तर तो 'खाडा', आणि खाड्याचा दंड. तोडलेल्या उसाच्या टनावर पैसे लागतात आणि ते उचलीतून वळते होतात. उचल फिटली नाही तर उरलेले पैसे अंगावर राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं.

टनाचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारात ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली, टनाला २७३ वरून ३६६ रुपये. म्हणजे दर ठरवायला कारखानदार बसतात. ऊस कधी तोडायचा, कुठल्या फडात जायचं, हे कारखान्याची माणसं सांगतात. गाडीचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. पण उचलीचा हिशोब, माणसांची यादी आणि माणसांची जबाबदारी मुकादमाची.

मी सातवीत होतो तेव्हा फडात आईच्या डाव्या हाताच्या बोटावर कोयता लागला. बोट वाचलं, पण हंगाम गेला. वडील कारखान्याच्या शेती ऑफिसात गेले. तिथं सांगितलं, "मुकादमाला भेटा, माणसं त्याची." मुकादम म्हणाला, "कारखान्यानं मला माणसांच्या दवाखान्याचे पैसे दिलेत का?" टाक्यांचा आणि औषधांचा खर्च उचलीत धरला गेला, वर खाडे पडले. घरी आल्यावर मी शाळकरी शहाणपणानं म्हणालो, "तुम्ही तक्रार का नाही केली?"

आई म्हणाली, "कुणाच्या नावानं करावं? मपलं नाव कोण्या कागदावर हाय का तिथं?"

खरंच नव्हतं. वीस हंगामांत आईनं किती टन ऊस तोडला असेल? एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो. गुणाकार करा. त्या उसाची साखर कुठंतरी चहात, बिस्किटात, कोल्ड्रिंकमध्ये गेली. पण आई कामगार होती असं सांगणारी एक चिठ्ठीसुद्धा घरात नाही. काट्याची पावती यायची ती टोळीच्या खात्यावर, मुकादमाच्या नावानं.

नाव नसलं की काय होऊ शकतं, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला कळलं. उसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जात आहेत अशा बातम्या आल्या आणि सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ उसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळी आली तरी खाडा परवडत नाही, फडात संडास नाही, पाणी नाही, आणि दवाखान्यात सांगितलं जातं की पिशवी काढून टाका. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं यावर मोठा रिपोर्ट छापला, त्यात या साखरेच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय खरेदीदारांनाही प्रश्न विचारले गेले. साखळीच्या अगदी वरच्या टोकाला. मला १९९८ ची अमेरिका आठवली. प्रश्न माल विकत घेणाऱ्यापर्यंत पोचला की वरची माणसं ऐकायला लागतात.

आपल्याकडचा निकाल

आपल्याकडं कायदा नाही असं नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. बीडहून बेळगावला गेलात तर लागू, कोल्हापूरला गेलात तर नाही.

आणि आपल्याकडं एक वॉलहाइमसारखा निकालही आहे. तोही बांधकामाचाच. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड होणार होतं. स्टेडियम, उड्डाणपूल, हॉटेलं घाईनं बांधली जात होती. मजूर जमादारांनी आणलेले. त्या वेळची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. कंत्राटदार जमादाराकडं सव्वानऊ द्यायचा, जमादार एक रुपया कापून सव्वाआठ हातावर ठेवायचा. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. एन. भगवतींना पत्र लिहिलं आणि तेच पत्र याचिका म्हणून दाखल झालं. सरकारी यंत्रणांचं म्हणणं काय होतं? तुम्ही ओळखलंच असेल. मजूर आमचे नाहीत, कंत्राटदारांचे आहेत.

१८ सप्टेंबर १९८२ ला न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, काम ज्याचं आहे तो कंत्राटदाराकडं बोट दाखवून सुटू शकत नाही. दुसरी त्याहून मोठी. किमान मजुरीपेक्षा कमी पैशात कुणी काम करत असेल, तर ती कलम २३ मधली सक्तीची मजुरीच आहे. कारण जबरदस्ती फक्त बंदुकीची नसते, भुकेचीही असते. दुसरा पर्याय नाही म्हणून माणूस 'हो' म्हणतो, त्याला राजीखुशी म्हणत नाहीत.

चाळीस वर्षांपूर्वीचा हा निकाल डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला कुणी सांगितला नाही. आम्ही कंत्राटांचा विषय शिकलो, त्यात लेबर कॉन्ट्रॅक्टचे प्रकार पाठ केले.

वही

मामांचं पुढं काय झालं? मी गोड शेवट सांगू शकत नाही. प्रमाणपत्र मी देऊ शकलो नाही, कारण सही करायचा अधिकार माझा नाही. महिनाभरानं त्यांच्या टोळीचं काम संपलं आणि ते हिंजवडीकडच्या दुसऱ्या साइटवर गेले. फॉर्म भरला गेला की नाही, माहीत नाही.

पण त्या रात्रीनंतर मला एक कळलं की साखळीत मीही आहे. पाच महिने रोज सकाळी त्यांचं नाव न लिहिणारा हात माझाच होता. मला कुणी नाव लिहू नको म्हणून सांगितलं नव्हतं. आकडा पुरेसा होता, म्हणून मी आकडा लिहिला. मोनोविट्सच्या ऑफिसात बसून ३ मार्क आणि ४ मार्कांचा हिशोब लिहिणारा कारकूनही असाच कुणीतरी असेल. राक्षस वगैरे नाही. आठला येणारा, आकडे बरोबर लिहिणारा.

आता माझ्याकडं दोन वह्या आहेत. पहिलीत ऑफिसला हवा तो आकडा. दुसरीत नावं. पूर्ण नाव, गाव, तालुका, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, कुणाच्या टोळीत. पेटी कॉन्ट्रॅक्टरनं विचारलं, "हे कशाला?" मी म्हणालो, "अपघात झाला तर घरी कळवायला." हे खरंच आहे. इंजिनिअर साहेब म्हणाले, "तुझ्या डायरीत काय लिहायचं ते लिही, मस्टरला लावू नकोस." या वहीला कायद्यानं किती किंमत आहे, हे मला सांगता येणार नाही. पण आरोल्सेनच्या कार्डांनाही ती लिहिली त्या दिवशी कुणी किंमत दिली नव्हती.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा आणखी एक काम केलं. आई-वडिलांना बसवून वीस हंगामांची यादी केली. कुठलं वर्ष, कुठला कारखाना, मुकादम कोण, उचल किती, कुठल्या गावाच्या शिवारात कोपी होती. वडिलांना उचलीचे आकडे आठवत होते. आईला शिवारं आठवत होती, आणि कुठल्या हंगामात आमच्यापैकी कोण आजारी होतं ते. दोघांचं जोडून यादी पूर्ण झाली.

तुमच्या घरात कोयता असेल, तर एवढं करा. या हंगामात काट्याच्या पावत्यांचे फोटो काढा. उचल घेताना मुकादम जी वही दाखवतो, तिच्या पानाचा फोटो काढा. आई-वडिलांची जुनी वर्षं लिहून काढा. आणि माझ्यासारखे कुणी साइटवर, कारखान्यात, गोडाऊनवर हजेरी लिहीत असाल, तर आकड्याशेजारी नाव लिहा.

यादी झाल्यावर आईला वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "वर मपलं नाव लिहिलंस का?"

लिहिलं नव्हतं. 'आई-बाबांचे हंगाम' असं लिहिलं होतं. ते खोडलं आणि तिचं पूर्ण नाव लिहिलं.